आपल्या मापाचा व्यायाम

सोसायटीच्या ग्रुपवर रोज कुणी ना कुणी दहा हजार पावलांचा स्क्रीनशॉट टाकतं. मग गुडघे कुरकुरणाऱ्या काकूही इरेला पेटतात आणि आठवड्यात क्रेप बँडेज गुंडाळून बसतात. मुळात हा आकडा डॉक्टरांनी काढलेला नाही. १९६० च्या दशकात जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातच तो होता.

हालचाल कमी झाली आहे, हे मात्र खरं. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ने छापलेल्या अभ्यासानुसार २०२२ साली भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेसे हलत नव्हते, २००० साली हे प्रमाण सुमारे २२ टक्के होतं. स्त्रियांमध्ये ते ५७ टक्के निघालं, तेही घरकाम धरून!

तेव्हा व्यायाम हवाच, पण कुणाचा बघून नको. आधी स्वतःला तपासा. छातीत दुखत असेल, थोडं चालून धाप लागत असेल, चक्कर येत असेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवून डॉक्टर गाठा. नसेल, तर बिनहाताची खुर्ची भिंतीला टेकवा, हातांची छातीवर घडी घाला आणि तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून पुन्हा बसता येतं ते मोजा. साठ ते चौसष्ट वयाच्या बाईला बारा आणि पुरुषाला चौदा वेळा जमलं नाही, तर मांड्यांची ताकद कमी आहे असं समजा. मग भिंतीशेजारी एका पायावर उभं राहा. दहा सेकंद निघत नसतील, तर तोल सांभाळण्यावर काम करायला हवं.

जे कच्चं निघालं, तिथून सुरुवात. मांड्या कमजोर असतील तर हीच उठबैस तुमचा व्यायाम: जितक्या जमल्या त्याच्या निम्म्या, मध्ये विश्रांती घेत दोन-तीनदा, एक दिवसाआड. उठताना श्वास सोडा. रक्तदाब असलेल्यांनी श्वास रोखून धरायचाच नाही. तोल जात असेल तर ओट्याला हात लावून एका पायावर उभं राहण्याचा सराव करा. दम कमी पडत असेल तर चाला, पण बोलता येईल आणि गाणं म्हणता येणार नाही, इतक्या वेगाने. आठवड्याला दीडशे मिनिटं हे जागतिक आरोग्य संघटनेचं प्रौढांसाठीचं किमान माप आहे, आणि ते दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांतही भरतं. स्नायूंचा व्यायाम दोन दिवस, हे मात्र आपल्याकडे सगळे विसरतात. चालण्याने तो भागत नाही.

मधुमेह्यांनी जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चालावं, साखर कमी चढते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी आधी साखर बघावी. ९० च्या खाली असेल तर काही खाऊनच निघावं. सांधेदुखी असेल तर व्यायामानंतर दोन तास घड्याळाकडे लक्ष ठेवा. दुखणं त्याहून जास्त रेंगाळलं, तर पुढच्या वेळी प्रमाण घटवा, व्यायाम सोडू नका.

वाढ हळूच करायची: आठवड्याला एखाद-दुसरी उठबैस, पाचेक मिनिटं चाल. पावसाळ्यात जिना आणि गॅलरी आहेच. दीड महिन्याने पुन्हा तीच खुर्ची, तेच तीस सेकंद. आकडा वहीत लिहा, ग्रुपवर टाकू नका.