सोलापूरचा वेढा : मे १८१८

मराठेशाहीच्या अखेरीचा विषय निघाला की आपल्याला शनिवारवाड्यावर चढलेले इंग्रजी निशाण आठवते. फार तर कोरेगाव आणि अष्टी. १९३० चा मार्शल लॉ आणि चार हुतात्मे यांचा सोलापूरकरांना सार्थ अभिमान आहे. पण पेशव्यांच्या पायदळाची आणि तोफखान्याची शेवटची मोठी लढाई आपल्याच गावात झाली, याची आठवण आपण फारशी ठेवलेली नाही.

नेपोलियनशी झगडताना इंग्रज पार कॅरिबियन समुद्रापर्यंत लढत होते. मार्टिनिक बेट त्यांनी १८०९ मध्ये घेतले, ग्वादेलूप १८१० मध्ये. १८१५ साली वॉटर्लूनंतर ती चिंता मिटली आणि १८१७ च्या अखेरीस लॉर्ड हेस्टिंग्जने पेंढारी व मराठे यांच्यावर लाखाहून अधिक फौज लोटली.

२० फेब्रुवारी १८१८ रोजी अष्टीला बापू गोखले पडले. बाजीराव स्वारांनिशी पुढे पळत राहिला. पायदळ आणि तोफा त्या वेगाने कशा धावणार? त्या सोलापुरी राहिल्या. सरदार होते गणपतराव पानसे. पेशव्यांचा तोफखाना सांभाळणारे हे घराणे. त्यांच्याजवळ सुमारे साडेपाच हजार पायदळ (त्यांत बाराशे अरब), साडेआठशे स्वार व चौदा तोफा होत्या. किल्ल्यात हजारभर शिबंदी निराळी.

जनरल मन्रो ९ मे रोजी येऊन ठेपला. त्याच्या फौजेतही मद्रासकडील देशी पलटणी होत्या, हे विसरता कामा नये. १० मे रोजी शिड्या लावून त्यांनी पेठेचा तट घेतला. पण पानसे तळात बसून राहिले नाहीत. ते तोफा घेऊन पूर्वेच्या बाजूने वळसा घालून आले आणि त्यांनी हल्ला करणाऱ्यांवरच मारा सुरू केला. माझ्या मते त्या दिवसातला हा सर्वांत धाडसी डाव होता. तो फसला. पानसे जखमी झाले, त्यांच्या हाताखालचा मेजर द पिंटो ठार झाला, काही तोफाही गेल्या.

संध्याकाळी फौजेने तळ सोडला आणि खरा घात झाला तो इथे. उघड्या माळावर पायदळाची पिछाडी राखण्यास भक्कम घोडदळ लागते. पेशव्यांचे ते घोडदळ धन्याबरोबर दूर भटकत होते. जनरल प्रिट्झलरच्या स्वारांनी सीना नदीपर्यंत पाठलाग केला. आठशेंहून अधिक माणसे मारली गेली. इंग्रजांकडील मृत व जखमी मिळून मात्र शंभराच्या आतच. तेव्हा आपले लोक लढलेच नाहीत, किंवा फितुरीनेच सारे बुडाले, हे नेहमीचे उत्तर येथे लागू पडत नाही.

किल्ला आणखी काही दिवस तोफांखाली तग धरून होता. १५ मे रोजी तो इंग्रजांच्या हवाली झाला. ३ जूनला बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला आणि सालिना आठ लाखांच्या तनख्यावर ब्रह्मावर्तास निघून गेला.