बुडाच्या गडावरील देवळें

वाचन : इफिसकरांस पत्र २ : ११–२२

हंगेरीची राजधानी बुडापेस्ट. डॅन्यूब नदीच्या पूर्वेस सपाटीवर पेस्ट, पश्चिमेस टेकडीवर बुडा. हीं दोन शहरें व जवळचें ओबुडा मिळून १८७३ सालीं एक शहर झालें. मंगोलांच्या १२४१–४२ च्या स्वारीनंतर चौथा बेला राजा यानें बुडाच्या टेकडीवर तटबंदीचें नगर वसविलें. गड म्हटला म्हणजे आमच्या वाचकांस ओसाड बुरूज आठवतील. परंतु हा गड आजही नांदता आहे.

त्यांत पूर्वीं दोन मुख्य देवळें होतीं. जर्मन बोलणारे लोक मरीयेच्या देवळांत जात. हल्लीं त्यास मात्याश राजाचें नांव आहे. हंगेरियन बोलणारे मग्दालीया मरीयेच्या देवळांत जमत. एकाच प्रभूचे लोक, पण भाषेप्रमाणें दोन देवळें. ही गोष्ट आम्हांस कांहीं अगदींच अपरिचित नाहीं.

१५४१ सालीं सुलतान सुलेमान यानें बुडा घेतलें. मोठ्या देवळाची मशीद झाली. ख्रिस्ती लोकांकडे मग्दालीयेचें देऊळ तेवढें राहिलें. धर्मसुधारणेचें वारें तोंवर हंगेरींत पोहोंचलें होतें, व शेष राहिलेल्या ख्रिस्ती लोकांत रोमन काथलिक व प्रॉटेस्टंट असे दोन पक्ष पडले होते. मग काय झालें? वेदीकडील भाग काथलिकांनीं घेतला, सभामंडप प्रॉटेस्टंटांनीं. त्या काळीं युरोपांत हे दोन पक्ष एकमेकांचा छळ करीत होते. येथें मात्र एका छपराखालीं दोन उपासना चालत. हें प्रीतीनें झालें असें आम्ही म्हणणार नाहीं. दुसरें छप्परच नव्हतें. पुढें तेंही देऊळ हिरावलें जाऊन त्याची मशीद झाली.

१६८६ सालीं सम्राटाच्या सैन्यानें बुडा परत जिंकलें. दोन्हीं देवळें काथलिकांकडे गेलीं. सभामंडपांत बसणाऱ्यांस मात्र जागा उरली नाहीं. सम्राट दुसरा योसेफ याचें सहिष्णुतेचें फर्मान १७८१ सालीं निघालें, म्हणजे मध्यें जवळजवळ शंभर वर्षें गेलीं.

बुडांत लूथरन मंडळी उभी राहिली ती राजप्रतिनिधीची पत्नी मारिया दोरोतेया हिच्या आश्रयानें. ही बाई काथलिक राजघराण्यांत सून होऊन आलेली, पण स्वतः लूथरन. १८३९ सालीं स्कॉटलंडचे डॉ. कीथ हे पवित्र भूमीहून परतत असतां पेस्ट येथें अत्यंत आजारी पडले, तेव्हां तिनें त्यांची काळजी घेतली. त्यांतूनच १८४१ सालीं पेस्ट येथें स्कॉटिश मिशन सुरू झालें. मुंबईचे डॉ. जॉन विल्सन ज्या मंडळीचे मिशनरी होते, तिचेंच हें मिशन.

लूथरन मंडळीचें आजचें देऊळ गडाच्या उत्तर टोंकास, व्हिएन्ना वेशीजवळ आहे. तें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलें. तेथून थोड्याच पावलांवर मग्दालीयेच्या देवळाचा मनोरा दिसतो. १९४४–४५ च्या वेढ्यांत तें देऊळ फार मोडलें, व युद्धानंतर सभामंडप पाडून टाकण्यांत आला. जेथें आमचे धर्मबंधु बसत, तेथें आज आकाश आहे. मनोरा व एक खिडकी एवढींच उभीं आहेत.