पोळी-भात कमी, मग ताटात काय?

प्रश्न : यजमानांना मधुमेह आहे. डॉक्टरांनी पिष्टमय पदार्थ कमी करायला सांगितलेत. आम्ही गव्हाऐवजी ज्वारीची भाकरी सुरू केली. एवढं पुरेसं आहे का? मधल्या वेळी काय द्यावं?

उत्तर : भाकरी जरूर खा, पण तिला सूट समजू नका. 100 ग्रॅम ज्वारीच्या पिठातही कर्बोदकं साधारण गव्हाइतकीच, म्हणजे 70 ग्रॅमच्या आसपास असतात. दोन भाकऱ्यांची एक करा आणि भाजी दुप्पट वाढा.

वेगळा स्वयंपाक नको. कोबी, ढोबळी मिरची किंवा मेथी पीठ पेरून करा. बेसन मात्र दोन चमचेच, तेही कोरडं खमंग भाजून, म्हणजे भाजी मोकळी होते. भाताची फारच आठवण आली तर फ्लॉवर किसून जिरं-मिरचीच्या फोडणीवर झाकण न ठेवता चार-पाच मिनिटं परता. झाकलात की लगदा! अंड्याची भुर्जी, तव्यावरचे मासे, पनीर यांनी पोट भरतं.

मधल्या वेळी मूठभर शेंगदाणे, ताक किंवा साखर न घालता खमंग काकडी द्या. चुरमुरे, 'डाएट' चिवडा आणि मारी बिस्किटं हलकी वाटतात, पण ती पिष्टमयच. उपवासाच्या खिचडीतला साबुदाणा तर जवळपास निव्वळ स्टार्च.

यजमान इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेत असतील, तर पोळी-भात कमी करण्याआधी डॉक्टरांकडून मात्रा तपासून घ्या. नाहीतर साखर एकदम खाली जाऊ शकते. मूत्रपिंडाचा त्रास असल्यास प्रथिनंही डॉक्टरांना विचारूनच वाढवा.