हॅम, बेकन आणि आपले ताट

आपल्या मंडळात डुकराचे मांस न खाणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. कुणी शाकाहारी, कुणाला धर्माने वर्ज्य, तर कुणाला मनातूनच नको वाटते. त्यांना आग्रह करण्याचा या लेखाचा हेतू नाही. पण खाणारी घरेही आता थोडीथोडकी नाहीत. वसईकडची ईस्ट इंडियन मंडळी आणि गोव्याचे ख्रिस्ती बांधव यांच्याकडे विंदालू-सोरपोतेल पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहे. बाकीच्यांच्या घरात हॅम आणि बेकन अमेरिकेत आल्यावर, बहुधा मुलांच्या शाळेच्या डब्यावाटे, शिरले.

पंचवीस वर्षे एका रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना आपल्या लोकांनी मला वारंवार विचारलेला प्रश्न म्हणजे, "पोर्क खाल्लेले चालते का हो?" माझे उत्तर नेहमी एका उलट प्रश्नाने सुरू होई : ताजे की खारवलेले? प्रकृतीचा आणि खर्चाचा बराचसा हिशेब या एका फरकावर ठरतो.

ताजे आणि खारवलेले

दुकानातली नावे आधी समजून घेऊ. लॉइन म्हणजे पाठीचा भाग. टेंडरलॉइन म्हणजे पाठीच्या आतल्या बाजूची लांबट, मऊ पट्टी. 'बॉस्टन बट' या नावाने फसू नये, तो खांद्याचा तुकडा असतो. हे सारे बहुधा ताजे मिळते. हॅम म्हणजे मागची मांडी आणि बेकन म्हणजे पोटाकडचा चरबीचा भाग. ही दोन्ही मीठ, नायट्राइट आणि बहुधा साखर यांत मुरवून, बरेचदा धुरी देऊन तयार करतात.

म्हणजे हॅम-बेकनचे नाते आपल्याकडच्या सुकट आणि खाऱ्या बांगड्याशी आहे. कोकणात खारा बांगडा कुणी वाटीभर खात नाही. पेजेबरोबर तोंडी लावायला एखादा तुकडा घेतात. हॅम-बेकनही त्याच बेताने वाढले तर निम्मी काळजी मिटते.

मिठाचा हिशेब

प्रौढ माणसाने दिवसाकाठी २,३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त सोडियम घेऊ नये, असे येथील आहारविषयक मार्गदर्शन सांगते. एवढे सोडियम एका चहाच्या चमचाभर मिठात असते. ३ औंस ताज्या लॉइनमध्ये सोडियम साधारण ५० मिलिग्रॅम असते. तेवढ्याच हॅममध्ये ते १,००० मिलिग्रॅमच्या आसपास, काही वेळा त्याहूनही जास्त भरते. बेकनच्या एका शिजलेल्या पट्टीत ते दीडशे ते दोनशे मिलिग्रॅम असते.

आता ऑफिसातले साधे हॅम सँडविच घ्या. हॅमच्या चकत्या, पावाचे दोन तुकडे, चीजची चकती, मोहरीची चटणी आणि लोणच्याची काकडी मिळून हजार-बाराशे मिलिग्रॅम सहज होतात. संध्याकाळी घरी आमटी, पापड आणि लोणचे आहेतच. आमच्या ह्यांना बरीच वर्षे रक्तदाबाची गोळी चालू आहे. म्हणून आमच्या घरी नियम असा, की ज्या दिवशी हॅम त्या दिवशी पापड-लोणचे टेबलावर येत नाही. मुलगा कुरकुरला, पण महिन्याभरात सवय झाली.

हृदय आणि कर्करोग

दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांना हृदयविकाराचा धोका अधिक असतो. २०१८ साली अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी कोलेस्टेरॉलविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत हा वंश धोका वाढवणाऱ्या घटकांमध्ये धरला आहे. म्हणून संपृक्त चरबी आणि मीठ या दोन्हींकडे आपण शेजाऱ्यापेक्षा थोडे जास्त लक्ष द्यायला हवे. ३ औंस टेंडरलॉइनमध्ये चरबी ३ ग्रॅमच्या आसपास आणि प्रथिने सुमारे २२ ग्रॅम असतात. शिवाय ब-१ जीवनसत्त्व भरपूर. त्यामुळे "डुकराचे मांस म्हणजे नुसती चरबी" हे सरसकट खरे नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१५ साली प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक ठरवले. हॅम, बेकन आणि सॉसेज त्यात येतात. पुरावा किती पक्का आहे यावरून तिने ते तंबाखूच्या गटात बसवले. याचा अर्थ दोन्हींचा धोका सारखा आहे असा नाही. रोज ५० ग्रॅम असे मांस खाल्ले तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा तिचा निष्कर्ष होता. अमेरिकेत आयुष्यभरात हा रोग साधारण शंभरातल्या चौघांना होतो. अठरा टक्के वाढ म्हणजे चाराचे पावणेपाच. घाबरून जाण्याजोगा आकडा नाही, पण रोजच्या डब्यात हॅम न भरण्याला तेवढे कारण पुरेसे आहे.

'अनक्युअर्ड' लिहिलेल्या पाकिटावर फार भिस्त ठेवू नये. त्यात बहुधा सेलरीची पूड असते आणि नायट्राइट तिच्यातून येतेच. बारीक अक्षरांत तसे छापलेलेही असते. बेकन काळे होईपर्यंत तळू नये. करपवल्याने घातक संयुगे वाढतात.

घरच्या स्वयंपाकात

आमच्याकडे रुळलेले तीन प्रकार देते.

१. कोबीची किंवा फरसबीची भाजी : बेकनच्या दोन पट्ट्या बारीक चिरून मंद आचेवर परताव्या. सुटलेली चरबी चमचाभर ठेवून बाकीची डब्यात काढावी. सिंकमध्ये ओतू नये, नळ तुंबतो. त्यातच मोहरी, मिरची आणि भाजी घालावी. चौघांत दोन पट्ट्या म्हणजे माणशी अर्धी. वास आणि चव मात्र पूर्ण. मीठ चव पाहूनच घालावे.

२. हॅमच्या हाडाची चवळी : अमेरिकेच्या दक्षिणेकडे नववर्षाच्या दिवशी चवळी, भात आणि पोर्क असा 'हॉपिन जॉन' करतात. आपल्याला चवळी नवी नाही. हाड दीड-दोन तास उकळावे, वर आलेली चरबी काढावी, भिजवलेली चवळी त्या पाण्यात शिजवावी. गोडा मसाला आणि आमसूल घालावे. मीठ बहुधा लागतच नाही.

३. खांद्याचे विंदालू : दिसेल ती चरबी कापून तुकडे करावे. व्हिनेगर, आले-लसूण आणि मसाला लावून मुरवावे व मऊ शिजवावे. निवताच फ्रिजमध्ये ठेवावे. दुसऱ्या दिवशी वर चरबीचा पांढरा थर गोठतो, तो चमच्याने उचलून टाकावा. विंदालू शिळेच चांगले लागते, त्यामुळे चव आणि प्रकृती दोन्ही साधतात.

पैशाचा हिशेब

हॅमच्या वेष्टनावरचे शब्द नीट वाचावेत. नुसते 'हॅम' लिहिले असेल तर त्यात प्रथिनांचे प्रमाण सर्वांत जास्त. त्यानंतर 'हॅम विथ नॅचरल ज्यूसेस', मग 'हॅम, वॉटर अ‍ॅडेड' आणि शेवटी 'हॅम अँड वॉटर प्रॉडक्ट'. यादीत खाली जाऊ तसतसे आपण पाण्याला मांसाचा भाव देत असतो. स्वस्त दिसणारा हॅम त्यामुळे स्वस्त असेलच असे नाही.

बेकनचेही तसेच. एक पौंड बेकन शिजल्यावर पाच-सहा औंसच उरते. समजा पाकीट सहा डॉलर पौंड असेल, तर ताटात पडणारे बेकन सोळा ते एकोणीस डॉलर पौंडाने पडले. त्या मानाने अख्खा लॉइन घेऊन घरी कापला, एका जेवणापुरते भाग करून फ्रीझरमध्ये टाकले, तर चॉप्सच्या भावापेक्षा बरेचदा कमी पडतो. हाडासकट हॅम घेताना माणशी तिसरा हिस्सा ते अर्धा पौंड धरतात. मी तिसरा हिस्सा पौंड धरते. ईस्टर आणि नाताळनंतर भाव उतरतात तेव्हा घ्यावा. हाड फुकट जात नाहीच!

शिजवणे आणि साठवणे

भारतात डुकराच्या मांसातून जंत होण्याची भीती घालतात आणि ती निराधार नाही. येथे १९८० च्या कायद्याने डुकरांना न शिजवलेला उष्टा कचरा घालण्यास बंदी आली. ट्रिकिनोसिस या रोगाचे १९४० च्या दशकात वर्षाला शेकडो रुग्ण असत, आता तो क्वचितच आढळतो. २०११ पासून शेतकी खात्याने ताज्या अखंड तुकड्यांसाठी १४५ अंश फॅरनहाइट आणि नंतर तीन मिनिटे विश्रांती पुरेशी मानली आहे. आत किंचित गुलाबी राहिले तरी चालते. खिम्याला मात्र १६० अंश हवेत. रंगावरून अंदाज करण्यापेक्षा मांसात खुपसायचा थर्मामीटर घ्यावा.

हॅम 'फुली कुक्ड' आहे की 'कुक बिफोर ईटिंग', हे घरी आणण्यापूर्वीच पाहावे. फ्रिजमध्ये खिमा एक-दोन दिवस, ताजे तुकडे तीन ते पाच दिवस, उरलेला शिजलेला हॅम तीन-चार दिवस आणि उघडलेले बेकन आठवडाभर टिकते. शिजलेले मांस टेबलावर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये.

पंगतीचा विचार

माझ्या सासूबाई शाकाहारी. त्या आमच्याकडे असत तेव्हा पोर्कचे भांडे, सुरी आणि डाव वेगळे ठेवत असू. मंडळाच्या पॉटलकलाही पदार्थावर चिठ्ठी लावावी आणि डाव वेगळा ठेवावा. बाजारच्या काही रिफ्राइड बीन्समध्ये आणि पायच्या पारीत डुकराची चरबी असते, 'बेक्ड बीन्स'मध्ये पोर्कचा तुकडा असू शकतो. पाहुण्यांसाठी आणताना घटकांची यादी वाचावी.

थोडक्यात, मांस म्हणून खायचे असेल तर ताजे, कमी चरबीचे घ्यावे. हॅम सणावारी आणि बेकन फोडणीपुरते. ज्यांना रक्तदाब, मूत्रपिंडाचा विकार किंवा हृदयविकार आहे त्यांनी आपले प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. ज्यांच्या घरी रोज हॅमचा डबा जातो त्यांनी पुढचा महिनाभर तो आठवड्यातून एकदाच द्यावा. बाकीचे चार दिवस अंडे, चिकन, छोले किंवा भाजलेल्या लॉइनच्या पातळ चकत्या आहेतच.