गळाने मासा धरण्याची विद्या व आपल्या खाडीतील जिताडा

थंड प्रदेशांतील डोंगरी नद्यांत 'ट्राउट' नावाचा मासा आढळतो. तो गळाने धरण्याचे एक स्वतंत्र शास्त्रच युरोपात तयार झाले आहे. गळाच्या काट्यास पिसे व धागा गुंडाळून माशीची प्रतिकृती करितात. ती हलकी असल्यामुळे दूर फेकता यावी म्हणून दोरीच जड ठेवितात, आणि लवचीक काठीच्या झोक्याने ती माशी प्रवाहावर अलगद उतरवितात. इसवी सन 1900 मध्ये हा मासा काश्मिरात वाढविण्यात आला व पुढे निलगिरीवरील थंड ओढ्यांतही त्याची वस्ती झाली.

हा मासा आपल्या प्रांती का आणू नये, असा प्रश्न सहज मनात येतो. त्याचे उत्तर असे की, ट्राउटास बारमाही वाहते व गार पाणी लागते. पाण्याची उष्णता वीस अंशांपलीकडे गेली की तो कष्टी होऊ लागतो. सह्याद्रीतील नद्या पावसाळ्यानंतर ओसरतात, उन्हाळ्यात त्यांचे डोह उरतात व ते चांगलेच तापतात. तेव्हा मासा आणण्याचा विचार सोडून द्यावा. परंतु त्या विद्येतील तत्त्वे मात्र आपल्या उपयोगाची आहेत, व ती आपल्या दारच्या जिताड्यास चांगली लागू पडतात.

तत्त्वे तीन आहेत. पहिले, वाहत्या पाण्यात मासा प्रवाहाकडे तोंड करून राहतो, कारण खाद्य तिकडून येते. दुसरे, तो भर धारेत उभा न राहता धारेच्या कडेस, आडोशास राहतो, म्हणजे श्रम थोडे व खाद्य जवळ. तिसरे, त्या घटकेस पाण्यात जे खाद्य वाहत असेल तेच तो विश्वासाने घेतो. म्हणून जाणता माणूस आधी पाणी पाहतो व मग गळ टाकतो.

आता आपली खाडी पाहू. उल्हास नदी ठाण्याच्या उत्तरेकडून घोडबंदरावरून येते, भाईंदर व नायगाव यांच्या मधून जाते आणि वसईजवळ समुद्रास मिळते. तिच्या दोहों काठी खाजणे, मिठागरे व तिवरांची राने आहेत. मुर्धे, राई, मोर्वे ह्या गावांनी पूर्वापार भात व मीठ ही दोन्ही पिके ह्याच पाण्याच्या आधाराने काढिली. जिताडा हा ह्या निमखाऱ्या पाण्याचा राजा होय. बंगाल्यात त्यास भेटकी म्हणतात.

त्याचा जीवनक्रम ट्राउटाहून निराळा, पण तितकाच चमत्कारिक आहे. तो अंडी घालतो ती खाडीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यात, बहुतेक पावसाळ्याच्या सुमारास. पिल्ले भरतीबरोबर आत शिरतात व तिवरांच्या मुळांत, उथळ खाचरांत, नाल्यांत वाढतात. काही तर गोड्या पाण्यापर्यंत चढतात. तीन-चार वर्षांनी ती वयात येतात तेव्हा बहुतेक सर्व नर असतात. पुढे आणखी काही वर्षांनी त्याच नरांच्या माद्या होतात. म्हणजे एक मीटरच्या आसपास वाढलेला जिताडा बहुधा मादीच असतो व तिच्या पोटी लाखो अंडी असतात. ही एक गोष्ट ध्यानात ठेविली तरी ह्या लेखाचे सार हाती आले असे समजावे.

गळ टाकण्याची वेळ भरतीओहोटीवरून ठरते. कोकणात जुना आडाखा आहे की, तिथीच्या अंकाची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीचा तास निघतो. चतुर्थीस सुमारे तीन वाजता, अष्टमीस सुमारे सहा वाजता, पौर्णिमेस व अमावास्येस सुमारे बारा वाजता भरती पूर्ण होते. दुसरी भरती साधारण साडेबारा तासांनी येते. खाडीत आत गेल्यास थोडा उशीर धरावा. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणास धार जोराची असते, अष्टमीच्या भांगेस मंद असते.

ओहोटी लागली की खारबांधाच्या उघाडीतून व नाल्यांतून पाणी बाहेर पडते आणि त्याबरोबर कोळंबी व बोयांची पिल्ले वाहत येतात. जिताडा उघाडीच्या तोंडाशी, धारेच्या कडेस दबा धरून असतो. तेव्हा गळ धारेच्या वरच्या बाजूस टाकून आमिष आपोआप त्याच्यापुढे वाहत जाऊ द्यावे. जिवंत कोळंबी हे उत्तम आमिष होय. जिताड्यास धारदार दात नसतात, परंतु गालावरील कल्ल्याची कड पात्यासारखी असते. सबब काट्याजवळची हातभर दोरी जाड असावी. ओहोटीच्या वेळी खाडीच्या चिखलात उतरू नये, बांधावरूनच गळ टाकावा.

काट्याचा उलटा दात कानशीने घासून टाकावा, म्हणजे नको असलेला मासा इजा न होता सुटतो. मोठी मादी लागल्यास हात ओले करून, पोटाखाली आधार देऊन, शक्य तर पाण्यातच तिला सोडवावे व ती स्वतः पोहू लागेपर्यंत धरून ठेवावे. मध्यम मासा घरी न्यावा; चवीसही तोच सरस. मात्र उल्हास नदी वरच्या शहरांचे सांडपाणी व कारखान्यांचे घाण पाणी घेऊन येते. म्हणून जेथे पाण्यास रंग वा उग्र दर्प येतो, तेथील मासळी खाऊ नये.

आता हौसेपलीकडचा विचार. पेण व अलिबागकडील शेतकरी खाडीतील जिताड्याची पिल्ले आणून घराजवळच्या तळ्यांत वाढवितात, हे सर्वश्रुत आहे. खाद्य मुबलक असेल तर वर्ष-दीड वर्षात मासा किलोच्या घरात जातो. पिल्ले एकमेकांस गिळतात, यास्तव लहान-मोठी वेळोवेळी निवडून वेगळी करावी लागतात. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेने 1997 मध्ये जिताड्याचे प्रजनन बंदिस्त जागेत साधले, त्यामुळे बीज आता केवळ खाडीवर अवलंबून राहिलेले नाही. निमखाऱ्या पाण्याचे तळे करावयाचे असल्यास 2005 च्या किनारी मत्स्यसंवर्धन कायद्याखाली नोंदणी करून घ्यावी. भाताच्या खाचरात मात्र खारे पाणी कधीही घेऊ नये. एका हंगामाच्या मासळीपायी जमीन कित्येक वर्षे नापीक होते.

परंतु खाडीतील जिताडा टिकणे न टिकणे हे गळापेक्षा बांधावर अवलंबून आहे. पिल्लांस तिवरांची मुळे व आत शिरावयास नाल्यांची वाट हवी. नाल्यावर भराव पडला, उघाडी गाळाने बुजली, तिवर तोडले, की त्या भागातील मासळीचे पाळणाघरच बंद झाले. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये तिवरांच्या तोडीस मनाई केली व 2018 च्या निकालाने ती दृढ केली. तरी कायद्याचा हात प्रत्येक नाल्यापर्यंत पोहोचेलच असे नाही. तेथे जमीनधारकाचीच नजर हवी.

म्हणून ज्यांच्या जमिनी खाजणास लागून आहेत त्यांस आमची सूचना आहे की, पावसाळ्यापूर्वी उघाडीची झडप तपासावी व तिच्यापुढील गाळ काढावा. बांधाच्या बाहेरील तिवरांस हात लावू नये. नाल्यात राडारोडा टाकणारा दिसल्यास गावाने एकत्र येऊन तक्रार करावी. बाहेरचे तिवर लाटेचा मार सोसून बांध राखतात, आणि तेच जिताड्याचे पिल्लू पोसतात. शेत व मासा ह्यांचे हित येथे एकच आहे.