छेदात कोण आहे?
बेसबॉलच्या नोंदवहीतून गणिताचा एक तास



बडोद्यात क्रिकेटवर बोलणाऱ्या जुन्या मंडळींजवळ बसलात, तर ५७७ हा आकडा केव्हा ना केव्हा कानावर पडतोच. मार्च १९४७ मध्ये रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात विजय हजारे आणि गुल महंमद यांनी होळकर संघाविरुद्ध, इथेच बडोद्यात, चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागीदारी केली. तो जागतिक उच्चांक २००६ पर्यंत टिकला. ती भागीदारी डोळ्यांनी पाहिलेली माणसे आता फारशी राहिली नाहीत. आकडा मात्र राहिला.

आकड्याची ही ताकद मोठी आहे, म्हणूनच तो नीट वाचता आला पाहिजे. आज आम्ही तुम्हांला त्यासाठी अमेरिकेतील बेसबॉलच्या मैदानावर नेणार आहोत. दर चेंडूचा, दर खेळाडूचा हिशेब ठेवण्याचे वेड या खेळाइतके क्वचितच दुसऱ्या खेळाला असेल. गंमत म्हणजे या हिशेबाचे मूळ क्रिकेटपर्यंत जाते. हेन्री चॅडविक हे इंग्लंडमध्ये जन्मलेले पत्रकार अमेरिकेत आधी क्रिकेटच्या बातम्या लिहीत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ते बेसबॉलकडे वळले आणि क्रिकेटच्या धावफलकासारखा तक्ता त्यांनी या खेळात रूढ केला.

खेळाची तोंडओळख

बेसबॉलमध्ये प्रत्येक संघात ९ खेळाडू असतात आणि सामना ९ डावांचा असतो. एका डावात तीन जण बाद झाले की दुसऱ्या संघाने फलंदाजीला यायचे. म्हणजे नऊ डावांत एका संघाचे २७ बाद होतात. चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात. फलंदाजाने चेंडू मारून निदान पहिला बेस सुखरूप गाठला, तर साधारणपणे त्याच्या नावावर एक हिट लागते.

फलंदाजाची सरासरी काढण्याची रीत सोपी आहे. अंशात हिट आणि छेदात फलंदाजीच्या संधी. पिचरने चार वाईट चेंडू टाकल्यामुळे पहिला बेस फुकट मिळाला, तर ती संधी छेदात धरत नाहीत. दहा संधींत तीन हिट, म्हणजे ०.३०० सरासरी असलेला फलंदाज उत्तम गणला जातो. दहापैकी सात वेळा अपयशी ठरणारा माणूस इथे नावाजला जातो, हे आधी लक्षात ठेवा.

पहिला प्रश्न : छेदात किती?

न्यू यॉर्क यांकीज संघाचा डेरेक जेटर आणि अटलांटा ब्रेव्ह्‌ज संघाचा डेव्हिड जस्टिस यांचे दोन वर्षांचे आकडे पाहू.

१९९५ साली जेटरने ४८ संधींत १२ हिट मिळवल्या, सरासरी ०.२५०. जस्टिसने ४११ संधींत १०४ मिळवल्या, सरासरी ०.२५३. जस्टिस पुढे.

१९९६ साली जेटरने ५८२ संधींत १८३ हिट मिळवल्या, सरासरी ०.३१४. जस्टिसने १४० संधींत ४५ मिळवल्या; सरासरी ०.३२१. पुन्हा जस्टिस पुढे.

आता पुस्तक बंद करा आणि सांगा, दोन्ही वर्षे मिळून कोण पुढे? बहुतेक जण जस्टिसचे नाव घेतील. बेरीज करून पाहू.

जेटर : ६३० संधींत १९५ हिट, सरासरी ०.३१०.
जस्टिस : ५५१ संधींत १४९ हिट, सरासरी ०.२७०.

जेटर पुढे, आणि तोही चांगलाच! दोन्ही वर्षी मागे राहिलेला फलंदाज एकत्रित हिशेबात पुढे निघाला. गणितात कुठेही चूक नाही. गोम छेदात आहे. जेटरच्या ६३० संधींपैकी ५८२ त्याच्या चांगल्या वर्षातल्या आहेत, तर जस्टिसच्या ५५१ पैकी ४११ त्याच्या पडत्या वर्षातल्या. संख्याशास्त्रात याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. यातून घ्यायचा धडा असा की, दोन सरासरींची पुन्हा सरासरी काढू नये; अंश अंशात मिळवावा, छेद छेदात. आणि कोणी नुसती टक्केवारी सांगितली, तर ‘कितीपैकी?’ हे विचारल्याशिवाय मान डोलवू नये.

दुसरा प्रश्न : नोंदीत काय मावले नाही?

पिचरने समोरच्या संघाच्या एकाही फलंदाजाला बेसवर पोहोचू न देता सलग २७ जणांना बाद करून सामना जिंकला, तर त्याला ‘परफेक्ट गेम’ म्हणतात. इतक्या वर्षांच्या इतिहासात, २०२३ पर्यंत, अमेरिकेच्या मुख्य स्पर्धांत असे फक्त २४ सामने नोंदले गेले होते.

२६ मे १९५९ रोजी पिट्‌सबर्गच्या हार्वी हॅडिक्सने मिलवॉकीच्या २७ नव्हे, सलग ३६ फलंदाजांना बाद केले. बारा डाव निर्दोष! पण त्याच्या संघालाही धाव काढता येईना. समोरच्या ल्यू बर्डेटने तब्बल १२ हिट दिल्या, तरी धाव एकही दिली नाही. तेराव्या डावात हॅडिक्सच्या सहकाऱ्याकडून क्षेत्ररक्षणात चूक झाली, पुढे एक हिट बसली आणि सामना ०–१ असा गेला. बारा हिट देणारा जिंकला आणि एकच देणारा हरला. परफेक्ट गेमच्या यादीत हॅडिक्सचे नाव नाही. नियमाने ते बरोबर आहे. पण यादी वाचणाऱ्याला त्या बारा डावांचा पत्ताही लागणार नाही.

दुसरी घटना २ जून २०१० ची. डेट्रॉईटच्या अर्मांडो गालारागाने क्लीव्हलँडचे सलग २६ फलंदाज बाद केले होते. सत्ताविसावाही बाद झाला होता, परंतु पंच जिम जॉइस यांनी त्याला नाबाद ठरवले. गालारागाने वाद घातला नाही. तो किंचित हसला, जागेवर परतला आणि पुढचा फलंदाज बाद करून त्याने सामना संपवला. नंतर चित्रफीत पाहिल्यावर जॉइस यांनी चूक उघडपणे कबूल केली आणि गालारागाची क्षमा मागितली. दुसऱ्या दिवशीच्या सामन्यातही तेच पंच होते. संघाची यादी त्यांच्या हाती द्यायला गालारागा स्वतः गेला, तेव्हा जॉइस यांना डोळे पुसावे लागले.

निर्णय बदलला गेला नाही. नोंदवहीत त्या दिवशी ‘एक हिट’ एवढेच आहे. त्या हिटच्या मागे एका माणसाचा संयम आणि दुसऱ्याचा प्रामाणिकपणा उभा आहे. त्याला मात्र नोंदवहीत रकाना नाही.

तिसरा प्रश्न : छेदात कोण?

अनेक वर्षे पुस्तकांत असे छापले जाई की कारकिर्दीतील सर्वोच्च सरासरी टाय कॉबची, ०.३६७. आकडेमोड बिनचूक होती. पण ती कोणाकोणाची होती?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९४७ पर्यंत अमेरिकेच्या मुख्य संघांत कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रवेश नव्हता. तसा लेखी नियम दाखवावा लागत नव्हता. सगळ्यांनी मिळून दार बंद ठेवले होते. त्यामुळे त्यांनी आपले संघ काढले, आपल्या स्पर्धा उभारल्या. त्यांना ‘नीग्रो लीग’ असे नाव पडले. जॉश गिब्सन हा त्यांतला थोर फलंदाज. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला आणि ते दार उघडले. गिब्सन त्याआधी तीनच महिने, जानेवारीत, वयाच्या ३५व्या वर्षी वारला होता.

२०२४ साली १९२० ते १९४८ या काळातील नीग्रो लीगच्या उपलब्ध नोंदी मुख्य नोंदवहीत घेण्यात आल्या. २,३०० हून अधिक खेळाडू त्यामुळे हिशेबात आले. कारकिर्दीतील सर्वोच्च सरासरीवर आता गिब्सनचे नाव आहे, ०.३७२, आणि एका मोसमातील सर्वोच्च सरासरीही त्याचीच, १९४३ सालची ०.४६६. कॉबची एकही हिट कमी झाली नाही. ज्यांना मोजलेच नव्हते, त्यांना मोजले, एवढेच झाले.

म्हणून ‘सर्वांत मोठा’, ‘सर्वांत पहिला’ असे शब्द वाचले की विचारावे : सर्वांत म्हणजे कोणाकोणांत?

शेवटचा दिवस, २८ सप्टेंबर १९४१

आता या तासातली आम्हांला सर्वांत आवडणारी गोष्ट. बोस्टन रेड सॉक्सचा टेड विल्यम्स तेव्हा २३ वर्षांचा होता. मोसमाचा शेवटचा दिवस, फिलाडेल्फियात एकाच दिवशी दोन सामने. तोवर त्याच्या ४४८ संधींत १७९ हिट झाल्या होत्या. भागाकार करा : ०.३९९५५. तीन दशांश स्थळांपर्यंत घेतले की ०.४००. म्हणजे तो त्या दिवशी बाकावर बसून राहिला असता, तरी पुस्तकात ०.४०० छापले गेले असते. संघाचे व्यवस्थापक जो क्रोनिन यांनी त्याला तशी मोकळीकही दिली.

खेळण्यात धोका किती होता? त्या दिवशी त्याला एकूण आठ संधी मिळाल्या. आठपैकी तीन हिट, म्हणजे एरवी उत्तम म्हणावा असा दिवस गेला असता, तर १८२ भागिले ४५६, म्हणजे ०.३९९. चारशे हातचे गेले असते.

विल्यम्स खेळला. पहिल्या सामन्यात पाच संधींत चार हिट; सरासरी ०.४०४. आता तरी थांबावे? तो दुसऱ्या सामन्यातही उतरला आणि तीन संधींत आणखी दोन हिट मिळवल्या. शेवटचा हिशेब ४५६ पैकी १८५, म्हणजे ०.४०६. नॅशनल आणि अमेरिकन या दोन मुख्य लीगमध्ये त्यानंतर कोणालाही मोसमाअखेर ०.४०० गाठता आलेले नाही.

त्या दिवशी त्याला एकही हिट मिळाली नसती, तर पुस्तकात ०.३९३ छापले गेले असते. आम्हांला वाटते, तो मोठा ठरला तो हिटांमुळे नंतर. आधी तो मोठा ठरला छेद वाढू देण्याची तयारी दाखवली तेव्हा.

आणि आपली नोंदवही

पालकहो आणि विश्वस्तहो, हा परिच्छेद आपल्यासाठी. एका वर्गात ४० मुले आहेत आणि त्यांतील ३८ उत्तीर्ण झाली, तर निकाल ९५ टक्के. पण दोन कच्च्या मुलांना ‘यंदा फॉर्म भरू नका’ असे आधीच सांगितले, तर ३८ पैकी ३८. निकाल १०० टक्के! फलकावर लिहायला तो शोभून दिसतो. शिकलेली मुले दोन्ही वेळा ३८च आहेत. फरक इतकाच की दुसऱ्या हिशेबात दोन मुले छेदातून पुसली गेली. ती दोन मुले कोणाच्या तरी घरची आहेत, आणि आपल्याला वगळून शाळेने शंभर गाठले, हे त्यांना आयुष्यभर आठवणार आहे.

म्हणून निकाल ऐकताना टाळ्या जरूर वाजवाव्यात, पण ‘वर्गात किती होते आणि परीक्षेला किती बसले?’ हेही विचारावे. ९५ टक्क्यांचा खरा निकाल आम्हांला १०० टक्क्यांच्या राखलेल्या निकालाहून अधिक अभिमानाचा वाटतो. उरलेल्या दोघांना शिकवायचे काम त्यात डोळ्यांसमोर राहते.

मुलांनो, तुम्हीही गुण कमी होतील या भीतीने अवघड प्रश्न सोडून देऊ नका. स्पर्धेत हरू म्हणून नाव मागे घेऊ नका. दहापैकी सात वेळा चुकणारा जिथे उत्तम ठरतो, असाही एक खेळ जगात आहे. तिथेही आधी मैदानात मात्र उतरावे लागते.

स्वाध्याय

१. बेब रूथने १९२७ साली ५४० संधींत ६० होमरन मारले. रॉजर मॅरिसने १९६१ साली ५९० संधींत ६१. प्रत्येकाला एका होमरनमागे सरासरी किती संधी लागल्या? मोठा विक्रम कोणाचा, हे दोन्ही बाजूंनी लिहा.

२. शेवटच्या दिवशीच्या आठ संधींत किमान किती हिट मिळाल्या असत्या, तर विल्यम्सची सरासरी ०.४०० च्या खाली गेली नसती?

३. डॉन ब्रॅडमन यांनी कसोटी क्रिकेटमध्ये ६,९९६ धावा केल्या आणि ते ७० वेळा बाद झाले. त्यांची सरासरी काढा. १९४८ साली शेवटच्या डावात ते शून्यावर बाद झाले. चार धावा करून बाद झाले असते, तर सरासरी किती झाली असती?

४. या आठवड्याच्या वर्तमानपत्रातून कोणतीही एक टक्केवारी निवडा. तिचा अंश कोणता, छेद कोणता आणि छेदात कोण धरलेले नाही, हे घरी आई-वडिलांशी बोलून पाच ओळींत लिहा.