कडबाकुट्टी यंत्रासाठी स्वतंत्र वीजमार्ग

कडबा अखंड टाकल्यास जनावरे कोवळा भाग खातात व जाड ताटे गव्हाणीत तशीच टाकून देतात. कुट्टी करून दिल्यास ही नासाडी बरीच टळते, हे आता बहुतेक पशुपालकांस पटले आहे. त्यामुळे हाताने फिरवावयाच्या यंत्राच्या जागी विजेवर चालणारे यंत्र गावोगावी आले. परंतु यंत्र घरी आले म्हणजे काम संपले असे नव्हे. ते ज्या तारेवर चालवावयाचे, त्या तारेचा विचार बहुधा कोणीच करीत नाही. पडवीतील दिव्याच्या बोर्डातून लांब दोरवायर ओढावयाची आणि गोठ्यात यंत्र सुरू करावयाचे, हा प्रकार सर्रास आढळतो. यात माणसाच्या व जनावरांच्या जिवाला धोका असतो, आणि वाळलेल्या वैरणीस आग लागण्याचेही भय असते. म्हणून या यंत्रास स्वतंत्र वीजमार्ग का हवा व तो कसा असावा, हे या पाठात पाहू.

स्वतंत्र वीजमार्ग म्हणजे काय?

पाटातून शेताला चारी काढताना तिच्यात किती पाणी सोडावयाचे हे पाहून आपण तिची रुंदी ठरवितो. विजेचेही तसेच आहे. मीटरजवळच्या मुख्य बोर्डातून निघून थेट एकाच यंत्रापर्यंत जाणारी, मध्ये दुसरा दिवा, पंखा वा प्लग न जोडलेली आणि आरंभी स्वतःचा एमसीबी असलेली तारांची जोडी व तिच्यासोबतची भू-तार, यांस स्वतंत्र वीजमार्ग म्हणतात.

यंत्र किती वीज ओढते?

घरगुती एक-फेज जोडणीवर बहुधा २ अश्वशक्तीपर्यंतचे यंत्र चालवितात. २ अश्वशक्ती म्हणजे सुमारे १,५०० वॅट. परंतु हे मोटारीने बाहेर दिलेले काम झाले. मोटारीतील हानी धरली असता २३० व्होल्टवर ती पूर्ण भाराने चालताना सुमारे ११ ते १३ अँपिअर प्रवाह घेते. सुरू होण्याच्या क्षणी तर हा प्रवाह काही काळ चार ते सहा पट होतो. नेमका आकडा मोटारीवरील पत्र्याच्या पट्टीवर छापलेला असतो. तो वाचल्याशिवाय तार विकत घेऊ नये.

घरातील दिव्यांच्या मार्गावर मात्र साधारणतः १ किंवा १.५ चौरस मिलिमीटरची तार व ६ किंवा १० अँपिअरचा एमसीबी असतो. त्यावर हे यंत्र लावल्यास थोड्या वेळाने एमसीबी पडतो. तो पडला की यंत्र वाईट आहे वा एमसीबी कमकुवत आहे असे मानून त्या जागी मोठा एमसीबी बसविला जातो. जेथे जुने फ्यूज आहेत तेथे जाड तार गुंडाळली जाते. खरा अनर्थ येथेच घडतो. एमसीबी हा यंत्राच्या सोयीसाठी नसून तारेच्या रक्षणासाठी असतो. प्रवाह दुप्पट झाला असता तारेतील उष्णता चौपट होते. रक्षक मोठा केला आणि तार तीच ठेवली, तर तार भिंतीच्या आत किंवा वैरणीशेजारी तापत राहते, तिचे आवरण वितळते आणि तरी एमसीबी पडत नाही. तेव्हा तार न बदलता एमसीबी कधीही वाढवू नये, हा या पाठाचा मुख्य नियम होय.

अंतराचा परिणाम

मुख्य बोर्डापासून गोठा २५ मीटर दूर असल्यास जाण्या-येण्याची मिळून ५० मीटर तार होते. १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या एवढ्या तारेचा रोध सुमारे ०.६ ओहम भरतो. सुरू होताना ६० अँपिअर प्रवाह धरल्यास तारेतच ३६ व्होल्ट खर्ची पडतात. खेड्यात सायंकाळी दाब आधीच २०० व्होल्टवर उतरलेला असल्यास मोटारीपर्यंत १६४ व्होल्टच पोहोचतात. अशा वेळी मोटार नुसती गुणगुणते, उचल घेत नाही व जळते. तीच तार ४ चौरस मिलिमीटरची घेतल्यास घट सुमारे १४ व्होल्टवर येते. म्हणजे जाड तारेस अधिक पैसे पडले तरी मोटारीचे आयुष्य वाढून ते वसूल होतात.

मांडणी कशी असावी?

२ अश्वशक्तीच्या यंत्रासाठी व वर सांगितलेल्या अंतरासाठी पुढील मांडणी साधारणपणे योग्य ठरते. अंतर अधिक असल्यास तारेची जाडी पुन्हा हिशेब करून ठरवावी.

१. तांब्याची ४ चौरस मिलिमीटरची तार, नळीतून नेलेली. उंदीर कुरतडणार नाहीत व जनावरे घासणार नाहीत अशी.

२. मुख्य बोर्डावर ‘सी’ प्रकारचा २० अँपिअरचा एमसीबी. हा प्रकार मोटारीचा आरंभीचा क्षणिक प्रवाह सहन करतो.

३. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. प्रवाह अंगातून किंवा ओल्या जमिनीतून निसटू लागताच हा मार्ग तोडतो. मात्र हा जादा भारापासून रक्षण करीत नाही. म्हणून एमसीबी व आरसीसीबी दोन्ही हवेत. त्यावरील चाचणीची कळ महिन्यातून एकदा दाबून पाहावी.

४. यंत्राजवळ, चालविणाऱ्याच्या हाताशी, अतिभारापासून रक्षण करणारा स्टार्टर. वीज गेली असता तो आपोआप सुटणारा असावा. साध्या बटणावर यंत्र असल्यास, वीज गेल्यावर कोणी तोंडातील अडकलेली वैरण काढावयास हात घालतो आणि त्याच क्षणी वीज परत येऊन पाती फिरू लागतात. स्टार्टर असल्यास पुन्हा कळ दाबेपर्यंत यंत्र फिरत नाही.

५. यंत्राच्या लोखंडी सांगाड्यास हिरव्या तारेने पक्की भू-जोडणी. पाण्याच्या नळास किंवा न्यूट्रल तारेस भू-तार जोडणे धोक्याचे आहे. उन्हाळ्यात भू-जोडणीच्या खड्ड्यात पाणी घालावे.

गोठ्याचा विशेष धोका

गोठ्यातील जमीन शेणमूत्राने सदैव ओली असते. जनावराचे पुढचे व मागचे पाय एकमेकांपासून दूर असल्याने जमिनीत प्रवाह उतरला असता पायांमधील दाबाचा फरक त्यास अधिक बाधतो, आणि प्रवाहाचा मार्ग हृदयाजवळून जातो. म्हणून यंत्र गव्हाणीपासून दूर, कोरड्या ओट्यावर व छपराखाली बसवावे. कडब्याची गंज यंत्राला व तारेला लागून रचू नये.

काम कोणाकडून करवावे?

ही जोडणी परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करवून घ्यावी. कायद्यासही तेच अभिप्रेत आहे. काम झाल्यावर तारांच्या आवरणाचा व भू-जोडणीचा रोध उपकरणाने मोजून घेण्याचा आग्रह धरावा. त्यापूर्वी वीज कंपनीच्या शाखा कार्यालयात जाऊन आपला मंजूर भार पुरेसा आहे काय व या वापरास आपली जोडणी चालते काय, हे विचारून घ्यावे. मीटरपर्यंतची तारच अपुरी असल्यास पुढील सारा खर्च व्यर्थ जाईल.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी कुट्टी यंत्राची शिफारस करताना यंत्राच्या किमतीतच या वीजमार्गाचा खर्च धरून अंदाज द्यावा. भेटीच्या वेळी तीन प्रश्न विचारावेत : मोटारीच्या पट्टीवर किती अँपिअर लिहिले आहेत? तार किती जाडीची आहे? तिच्यावरील एमसीबी किती अँपिअरचा आहे? ही तीन उत्तरे जुळत नसतील, तर यंत्र तूर्त बंद ठेवून तार बदलण्याचा सल्ला द्यावा. शेतकरी बंधूंनीही चार दिवस हाताने कुट्टी करावी लागली तरी चालेल, पण दिव्याच्या तारेवर यंत्र चालवू नये. ज्या जनावरांसाठी हा खटाटोप करावयाचा, त्यांच्या व घरच्या माणसांच्या जिवापुढे ही थोडी तसदी काहीच नव्हे.